सिस्टरच्या घरामागची बोअर

चिसेका, मलावी
९ जून २०२४

प्रिय तेजू,

पत्र लिहितोय म्हणून हसू नकोस. इथे रेंज नाही. पंधरा दिवसांनी डिझेल आणायला गाडी शहरात जाते, तेव्हा आमच्या बोअरच्या रिगवरचा ऋषी माझा मोबाइल घेऊन जातो. या पानांचे फोटो तिथून तुला येतील. बोलून पाठवलं असतं, पण हा लोणीचा ऋषी गाडीत मोठ्याने लावून सगळ्यांना ऐकवेल. आणि फोन लागला तरी आई शेजारी येऊन बसते, "जेवला का, जेवला का" यातच फोन तुटतो. म्हणून कागद. आठवीत शाळा सोडली त्यानंतर एवढं लिहिलेलं हे पहिलंच. चुका मोजू नकोस.

गाव म्हणजे लाल माती, मक्याची शेतं आणि एक दवाखाना. दवाखान्यावर पाटी मोठी, कुठल्या तरी परदेशी संस्थेची. आत दोन खाटा, बाहेर कुलूप. नर्स होती, लुसिया नावाची. चार वर्षांपूर्वी इंग्लंडला गेली. तिकडे म्हाताऱ्या माणसांना सांभाळते म्हणे. तिच्यानंतर कोणी आलंच नाही. महिन्यातून एकदा सायकलवर एक जण लसीचा डबा घेऊन येतो, तेवढंच.

मागे सिस्टरचं घर आहे. दोन खोल्या, वर पत्रा. तेजू, ते रिकामं घर रोज झाडलं जातं. एक म्हातारी आहे, सगळे तिला आगोगो म्हणतात, म्हणजे आजी. सकाळी येते, अंगण झाडते, कुलूप ओढून बघते, जाते. मी आमच्या ड्रायव्हरला विचारायला लावलं, कोणासाठी? तर म्हणे, नवी सिस्टर आली तर घर घाण दिसायला नको.

आणि बोअरसाठी गावाने जागा दाखवली ती पण त्याच घरामागची! यांच्या स्वतःच्या बाया दीड-दोन किलोमीटरवरून डोक्यावर पाणी आणतात. मी म्हटलं, हातपंप गावाच्या मधोमध घ्या की. नको म्हणाले. लुसियाला पाण्यासाठी रोज बादली घेऊन जावं लागायचं, त्याला कंटाळून ती गेली, असं यांनी ठरवलंय. दारात पाणी असलं की दुसरी येईल आणि टिकेल.

मला आपली बोअर आठवली. तुझ्या दवाखान्यामागे मी मशीन चालू केलं आणि तू खिडकी उघडून ओरडलीस, "अहो मशीनवाले, इथे बाळं झोपलीत, तुमचा राक्षस बंद करा!" तो राक्षस मी तीन दिवसांचा पाच दिवस चालवला. तुला आजवर सांगितलं नव्हतं.

तुझा,
रणजित


मांजरी
२३ जून २०२४

अहो मशीनवाले,

पत्र पोचलं. चुका मोजल्या नाहीत. मोजायला बसले असते तर सकाळची सगळी रांग तशीच उभी राहिली असती.

पाच दिवसांचं मला तेव्हाच माहीत होतं. पाणी दुसऱ्या दिवशी लागलेलं आमच्या शिपायाने पाहिलं होतं.

इकडचं तेच. आपली वस्ती शहराच्या हद्दीत घेतल्याला तीन वर्षं झाली. जुने साहेब म्हणतात दवाखाना आता शहराचा, नवे म्हणतात कागद यायचेत. डॉक्टरांची जागा रिकामी, दुसऱ्या नर्सची रिकामी, शिपाई रिटायर झाला. उरले मी आणि भिंतीवरची पाल. ती तरी कायम नोकरीत आहे, मी दर अकरा महिन्यांनी नवी. उसाच्या रानात दोन टॉवर उठलेत, त्यांच्या खाली नवं चकाचक हॉस्पिटल. तिथे गुडघ्याचे डॉक्टर वेगळे, खांद्याचे वेगळे. आपल्याकडे सगळ्या अवयवांची मी एकटी.

संध्याकाळी एक क्लास लावलाय, मार्केट यार्डाजवळ. शिवणाचा. मन रमतं. आईंना माहीत आहे.

मच्छरदाणी लावता का? गोळ्यांची पाकिटं करून दिली आहेत, लाल अक्षरातलं तापाचं. ते स्वतःसाठी आहे. गावाला वाटत बसू नका, तुम्ही डॉक्टर नाही.

आगोगोचं वाचलं. दोनदा वाचलं आणि मोबाइल पालथा ठेवला.

तेजस्विनी


चिसेका
१४ जुलै २०२४

प्रिय तेजू,

बोअर कोरडी गेली. साठ मीटर. पाण्याचा थेंब नाही, वर आला तो राखेसारखा फुफाटा. सगळं गाव पांढरं होऊन उभं होतं. साहेबांनी नकाशावर खूण केली होती तिथेच मारली. साहेब म्हणाले, एका गावात दोनदाच, असा नियम आहे. दुसरी पण गेली तर रिग पुढच्या गावाला. मी म्हटलं, साहेब, जागा मी बघू? हसले. म्हणाले बघ.

तात्या असते तर. भैरू पाणाड्या म्हटलं की मांजरीपासून थेऊरपर्यंत लोक ओळखायचे. तळहातावर नारळ आडवा ठेवून चालायचे आणि पाणी असेल तिथे नारळ उभा राहायचा. लहानपणी मला ते खरं वाटायचं. नंतर रिगवर लागलो आणि बापालाच चिडवायचो. आता इथे नारळ पण नाही. पेरूची दुबेळकी फांदी तोडली आणि सगळे बघत असताना सिस्टरच्या अंगणात फिरलो. एका ठिकाणी फांदी हलली, का माझाच हात हलला, काय माहीत. पण आगोगोने पायातली चप्पल काढली आणि अनवाणी उभी राहिली. देवळात राहतो तशी. मला लाज वाटली ग. तिला वाटलं मला काहीतरी येतं.

ऋषी सुट्टीवर येतोय, त्याच्याकडे एक कापड देतो. इथल्या बाया कमरेला गुंडाळतात ते. हिरवं आहे, वर पिवळे पक्षी. तू शिवण शिकतेस म्हणून घेतलं. ब्लाउज शीव आणि मी आलो की घाल. दिवसभर मशीनच्या आवाजात दुसरं काही सुचत नाही, मग मी तेच बघत बसतो, बाही कशी असेल, पक्षी नेमके कुठे येतील.

ऑगस्टमध्ये नव्हे, त्याच्या पुढच्या ऑगस्टमध्ये सुटका. विमानतळावरून रिक्षा सरळ दवाखान्यावर आणणार आणि तुझ्या खिडकीखाली हॉर्न वाजवायला लावणार. तू ओरडायचंस. बाकी काही नको.

रणजित


मांजरी
४ ऑगस्ट २०२४

अहो मशीनवाले,

कापड मिळालं. पक्षी छान आहेत. बाही अजून शिकवलेली नाही.

वेळ नाही, थोडक्यात लिहिते. मागच्या गल्लीतल्या निकिताला आठवा संपत आलाय, तिच्या खेपा चालू आहेत. रक्त कमी. मी म्हणते मोठ्या दवाखान्यात नाव घाल, घरचे म्हणतात ताई आहे ना.

दुसरी बोअर कधी मारणार ते कळवा. का कोण जाणे, ती लागावी असं मला फार वाटतं.

तेजस्विनी


चिसेका
१५ सप्टेंबर २०२४

प्रिय तेजू,

बरेच दिवस लिहिलं नाही. रिग बिघडली होती. आता ठीक. उजव्या हाताला थोडं लागलंय म्हणून अक्षर असं. काळजी करू नकोस. दुसरी बोअर लवकरच. बाही झाली का?

रणजित


मांजरी
२२ सप्टेंबर २०२४

अहो,

हाताला लागलेल्या माणसाचं पहिलं अक्षर वाकडं येतं. तुमच्या ओळी सुरुवातीला सरळ आहेत आणि शेवटाला खाली घसरल्यात. ताप उतरून चार दिवस झालेली माणसं माझ्या रजिस्टरवर अशीच सही करतात. मलेरिया ना? फोनवर तुम्ही सहज खोटं बोलता, कागदावर तुम्हाला जमत नाही. खरं लिहा.

आणि आता मीही लिहिते. मला कागदावर जमतं, म्हणून जास्त वाईट वाटतंय.

क्लास शिवणाचा नाही. जर्मन भाषेचा आहे. एप्रिलपासून जाते. आम्ही बावीस जणी, सगळ्या नर्स. तिकडे नर्स कमी पडतात, भाषेची परीक्षा दिली की नोकरी देतात, कायमची. शिकवणाऱ्या मंदाकिनी मॅडमना मी विचारलं, मग तिथल्या नर्स गेल्या कुठे? त्या म्हणाल्या, बऱ्याच जणी पलीकडे स्वित्झर्लंडला जातात, तिथे पगार चांगला. वर्ग हसला. मीही हसले.

नुसतं मन रमवायला म्हणून जात होते, हे मी स्वतःलाही सांगत होते. २८ ऑगस्टपर्यंत.

त्या दिवशी दुपारी निकिताला आणलं. दिवस भरायच्या आधीच पाणी गेलेलं. ॲम्ब्युलन्स सोलापूर रस्त्याच्या गर्दीत अडकली. टॉवरखालच्या हॉस्पिटलने आधी डिपॉझिट भरा म्हणून सांगितलं. पन्नास मिनिटं मी एकटी. एक हात बाळाला, एक निकिताला, आणि फोन खांद्यात धरलेला. बाळ रडलं. निकिताही वाचली, पण रक्त फार गेलं. ॲम्ब्युलन्स आल्यावर तिच्या दिराने माझा दंड धरून मला भिंतीवर ढकललं. "डॉक्टर का नाय ठेवला इथं?" मला विचारतो! जसा काही मी डॉक्टर औषधांच्या कपाटात लपवून ठेवलाय.

आईंना जिन्यावरून पडले सांगितलं. घरी येऊन हात धुतले आणि धूतच राहिले. सात वर्षांत असं कधी झालं नव्हतं. माणसांना भ्यायचे नाही मी. आता दारात दोघं-तिघं पुरुष एकदम आले की खुर्ची मागे सरकवते.

परीक्षा जानेवारीत आहे. पास झाले तर मार्चमध्ये जायचं. तुम्ही ऑगस्टमध्ये येणार.

"तुझी इच्छा" असं लिहू नका. ते लिहून माणूस सुटतो आणि दुसरा अडकतो. आणि आगोगोचं काही लिहून मला थांबवू नका. तिचं वाचल्यापासून क्लासला निघताना रोज उंबऱ्याशी पाय अडतो. जाऊ की नको, एका शब्दात लिहा.

तेजस्विनी


चिसेका
१२ ऑक्टोबर २०२४

तेजू,

एक शब्द मागितलास. जा.

आता बाकीचे शब्द माझे आहेत, ते ऐक.

मलेरियाच होता. तुझी पाकिटं मी वाटून टाकली होती. बाया पोरं घेऊन तंबूसमोर बसायच्या. माझी बायको सिस्टर आहे असं मी फुशारकीने सांगून बसलो होतो, आता नाही कसं म्हणणार? माझ्यावर वेळ आली तेव्हा लाल अक्षराच्या पाकिटात तुझं अक्षर तेवढं होतं. गाडी शहरात गेलेली. इथे सायकलच्या मागे चाकांची खाट जोडतात, आजारी माणसासाठी. तिच्यावर मला निजवून चौघांनी आळीपाळीने चोवीस किलोमीटर ढकललं. सायकल दवाखान्यावरूनच गेली, कुलपासमोरून. आगोगो अर्ध्या वाटेपर्यंत शेजारून चालत होती, माझ्या तोंडावर कापडाची सावली धरून.

त्या खाटेवर मी लुसियाला शिव्या दिल्या. आपल्या मांजरीच्या, चांगल्या ठेवणीतल्या. म्हटलं, तिकडे कुणाच्या म्हाताऱ्याला चमच्याने सूप पाजतेस आणि इथे तुझ्या दारावरून मला नेतात. वाटेत एकाने विचारलं, काय म्हणतो हा? ड्रायव्हरने सांगितलं, देवाचं नाव घेतोय.

मग तुझं पत्र आलं. सगळ्या शिव्या फिरून माझ्याच तोंडावर आल्या. लुसियाला पण कोणी भिंतीवर ढकललं असेल का? हे मी कधी विचारलंच नव्हतं. सगळे सांगतात पाणी नव्हतं म्हणून गेली.

तुझ्या मॅडमचं वाचून मी वाळूत काडीने काढून बघितलं. जर्मनीतली वरच्या देशात जाते, तिच्या जागी तू. इथली लुसिया इंग्लंडला. सगळ्या एकेक पायरी वर चढतात. पायऱ्या काढत काढत मी खाली आलो तर शेवटच्या पायरीवर आगोगो, हातात झाडू. तिच्या खाली काढायला काही उरलं नाही.

पाणी लागलं. ३ तारखेला, चौतीस मीटरवर. फांदी हलली तिथे नाही. फांदीवर माझा भरवसा नव्हता, नकाशावर पण उरला नव्हता. म्हातारी अनवाणी उभी होती त्या जागेवर मी मशीनचं बिट टेकवलं. का, ते विचारू नकोस. फवारा पत्र्यापर्यंत गेला. बाया नाचल्या, साहेब भिजले. हातपंप बसला तेव्हा वाटलं आता घागरींची झुंबड उडणार. कोणी घागर लावली नाही. पहिली बादली आगोगोने सिस्टरच्या घरात नेली, कोपऱ्यातल्या पिंपात ओतली आणि वर झाकण ठेवलं. मग बाकीचे. आता ते पिंप रोज ओततात आणि ताजं भरतात. अजून कोणी आलेलं नाही.

मी तिला विचारलं, तुला लुसियाचा राग येत नाही? ती खूप वेळ बोलली. ड्रायव्हरने एवढंच सांगितलं, येतो. पण रागात झाडलं की कोपरे राहतात. म्हणून आधी झाडून घेते, राग मग करते.

तुला थांबवायला हे लिहिलं नाही. मला दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही म्हणून लिहिलं.

त्या दिराला हात लावणार नाही, शब्द देतो. पण तुझा दंड सुजला तेव्हा मी कुठे होतो, हे डोक्यातून जात नाही. मीच आधी गेलो, तेजू. पाय एका जागी ठरत नाहीत माझे, तुला माहीत आहे. तू मला तेव्हा एका शब्दाने अडवलं नाहीस. मग मी कोण?

साहेबांकडे मार्चची सुट्टी मागितली. नाही म्हणाले. पुन्हा मागणार.

तुझा,
रणजित


मांजरी
६ मार्च २०२५

अहो मशीनवाले,

उद्या निघते. सुट्टी मिळाली नाही ते कळलं. नका वाईट वाटून घेऊ. तुम्ही समोर असता तर माझे पाय निघाले नसते.

दवाखान्याचं काय करू, म्हणून वर तीनदा पत्र दिलं. उत्तर आलं, कागद पुढे पाठवला आहे. रक्तदाबाची कार्डं ड्रॉवरमध्ये नावाने लावली आहेत, आईंचं पहिलं. त्यांच्या गोळ्या तीन महिन्यांच्या आणून ठेवल्यात. किल्ली ऑफिसात जमा केली. खरं म्हणजे दिली आणि परत दोन पावलं मागे जाऊन विचारलं, नीट ठेवाल ना? तो माणूस हसला.

निकिता बाळाला घेऊन आली होती. मुलगी आहे, अवनी नाव ठेवलंय. निकिताने नुसता माझा दंड चाचपून बघितला, तोच.

कापडाचं ब्लाउज झालं. मला शिवता येत नाही, शेजारच्या राधाताईंनी शिवलं. बाही तुमच्या मनातली आहे की नाही, माहीत नाही. तुम्ही आलात की घालेन म्हणून ठेवलं होतं. आता तिकडे घालेन. थंडी फार आहे म्हणतात, वरून स्वेटर लागेल. पक्षी आत राहतील, पण असतील.

विश्रांतवाडीहून आई-बाबा पोचवायला येणार आहेत. तुमच्या आई सकाळपासून भाकरी बांधून देते म्हणून हटून बसल्यात. त्या देशात भाकरी नेता येते का, हे एकच मला जर्मनमध्ये विचारता येत नाही.

तेजस्विनी


मांजरी
२४ ऑगस्ट २०२५

प्रिय तेजू,

आता फोन लागतो, रोज बोलतो, तरी कागद घेतला. फोनवर मी पण सगळं छान आहे म्हणतो, तू पण म्हणतेस.

मागच्या रविवारी उतरलो. ठरवलं होतं तसंच केलं. रिक्षा सरळ दवाखान्यावर आणली आणि खिडकीखाली हॉर्न वाजवायला लावला. रिक्षावाला म्हणाला, "दादा, कोणाला बोलावताय? बंद आहे की." मी म्हटलं, वाजव अजून एकदा. त्याने वाजवला. खिडकीच्या गजात गांधीलमाश्यांनी घर केलंय.

नवी कोणी आली नाही. दारावर कागद आहे, शनिवारी सेवा मिळेल. शनिवारी एक मुलगी येते, तिच्याकडे असे पाच दवाखाने आहेत. कधी येते, कधी नाही. आई रोज पायरीवर जाऊन बसते. मी म्हटलं, कशाला जातेस, बंद आहे ना? म्हणते, "बंद असू दे. माझं कारड आत हाय." टॉवरखालच्या हॉस्पिटलात नेलं, तर दारातली गार हवा लागल्याबरोबर मागे फिरली. तिच्या गोळ्या मी बघतो, काळजी नको. तू लिहून दिलेल्या वेळा भिंतीवर लावल्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडू घेऊन गेलो. आगोगोचं मी इथे कोणाला सांगितलेलं नाही, आईला पण नाही. म्हटलं, कोणी बघायच्या आत ओटा झाडून यावं. गेलो तर ओटा झाडलेला. पाणी मारलेलं, पायऱ्या ओल्या. कोपऱ्यात सुद्धा कचरा नाही. मागे बोअरपाशी निकिता बादली विसळत होती, कमरेवर पोरगी. मला बघून दचकली. म्हणाली, "भाऊजी, तुम्ही कधी आला?" मी विचारलं, हे रोज तूच करतेस? तर म्हणते, "ताई दिवाळीला सुट्टीवर येतील ना. घाण दिसायला नको."

मी झाडू पाठीमागे धरून उभा राहिलो.

तेजू, तू दिवाळीला येत नाहीस हे मला माहीत आहे. पहिल्या वर्षी सोडत नाहीत, हे तू फोनवर सांगितलंस. तिला मी सांगितलं नाही.

आता आम्ही वाटून घेतलंय. ओटा तिचा, मागचं अंगण माझं. बोअरची मोटर मधेच बंद पडायची ती उतरवून दुरुस्त केली, पाणी चांगलं आहे. परवा तिचा दीर आला. लांब उभा राहिला, मग गवत उपटायला लागला. मी बघितलं नाही, त्याने पण नाही.

कंपनीचा फोन येतोय, नवी रिग, नवा देश. पाय सळसळतात, खोटं कशाला सांगू. पण खिडकी तेवढी राहिलीये, गांधीलमाश्या काढायच्या आहेत. तुझ्या खुर्चीवर कोणाला बसू देणार नाही, किल्ली मिळू दे फक्त.

ब्लाउजचा फोटो पाठवलास त्यात स्वेटरच दिसतो. बाहीच्या कडेला एका पक्ष्याची शेपटी दिसते, ती मी मोठी करून बघतो.

तू मागे विचारलं होतंस, खरं सांगा, माझा राग येतो का? आत्ता विचारू नकोस. माझं अंगण अजून झाडून व्हायचंय.

तुझा,
रणजित